पंख्याचा नंबर

होडीच्या मोटरला नवा पंखा घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं विचारतो, "माल किती भरता?" आजकाल वरळी कोळीवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारू नये. खरं सांगावं तर लाज वाटते, फुगवून सांगावं तर पंखा चुकीचा गळ्यात पडतो.

पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. १३ चा पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा १३ इंच पुढे सरकणार, पण पाणी लाकडासारखं घट्ट असेल तर. आपलं पाणी निसटतं, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. पिच एका इंचाने उतरवला की इंजिनाचे मिनिटाला साधारण २०० फेरे वाढतात. माझ्या मोटरला फुल रेसवर ५००० ते ६००० हवेत. रिकाम्या होडीवर बघून पंखा घेतला तर जाळी, बर्फ, मासळी चढल्यावर इंजिन कुंथायला लागतं. म्हणून हिशेब भरल्या होडीचा धरायचा. थोडक्यात, म्हावरं किती लागणार ते दुकानातच जाहीर करायचं. ज्योतिषीही एवढा अडकत नाही.

पंखा एकदाचा घेतला, मग मोटरच्या उंचीचं सुरू झालं. पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत ठेवायची, फार तर इंचभर वर. झालं. पण बंदरावर एवढ्यावर कोण थांबतं? बाबा म्हणाले, "खाली घे, पाणी धरू दे." खाली घेतली की मोटर पाण्याला अडते, पेट्रोल पिते आणि ओहोटीला खडकाशी ओळख काढते. चुलतभाऊ म्हणाला, "वर घे रे, पळेल." फार वर घेतली की वळणावर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी. त्याहून वर गेली तर इंजिन थंड ठेवणारं पाणीच आत येत नाही. बोल्टची भोकं पाऊण-पाऊण इंचावर. आमच्या होड्यांना वाट मिळावी म्हणून कोस्टल रोडच्या खांबांतलं अंतर ६० मीटरचं १२० करायला सरकारसुद्धा शेवटी तयार झालं, पण बाबा एका भोकाला तयार होईनात.

शेवटी मेकॅनिक वैतागला. "भरलेली होडी पळवून दाखवा, मग बोलू." भरायला मासळी कुठे होती? मग सल्ला देणारेच भरले. बाबा, चुलतभाऊ, दोन्ही काका, शिवाय कुणाचा कोण ते न कळलेला एक जाडा गृहस्थ. प्लेट तळापेक्षा जरा वर, फुल रेस, मीटरवर ५४००. वळणावरही हवा नाही. सगळे गप्प. बहुधा तोंडात पाणी गेल्यामुळे.

परत आलो तर आत्या टोपली घेऊन धक्क्यावर उभी. होडीत वाकून बघत म्हणाली, "बर्फ घालू का यांच्यावर? पण घेणार कोण!"