बाळंतपणाचे फोटो ही थेरं नव्हेत

बाळंतपणाला फोटोग्राफर बोलावणं म्हणजे पैसेवाल्यांची थेरं, असं एका लेखात वाचलं. मला ते पटलं नाही. मी खानापूर तालुक्यातली, बाळंत झाले बेळगावात. चौदा तास कळा दिल्या, त्यातलं फारसं काही आठवत नाही. सोबत असलेल्या जावेनं मोबाइलवर एकच फोटो काढला: बाळ छातीवर, अंगावर तो पांढरा चिकट थर तसाच, नाळ अजून कापायची आहे आणि ओटीभरणाच्या हिरव्या चुड्यातल्या दोनच बांगड्या हातात उरल्यात. बाकीच्या खाटेचा दांडा धरताना फुटल्या म्हणे. तो फोटो नसता तर मला हे कळलंच नसतं.

ठरवायचंच तर फोटोग्राफर बाई बघा. डॉक्टर, सिस्टर दोघींनाही आधीच विचारा, फ्लॅश नको म्हणून सांगा. सिझेरियन झालं तर बहुतेक ठिकाणी तिला आत सोडत नाहीत. आणि एकच माणूस आत घेणार असतील तर जवळच्या बाईलाच न्या. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2018 मध्ये बाळंतिणीच्या पसंतीची सोबत असावी असंच सांगितलंय.

फोटो कुणाला दाखवायचे हे मात्र बाळंतिणीनंच ठरवायचं. माझा तो फोटो सासरी जाऊ नि नवरा सोडून कुणी पाहिलेला नाही.