जिनो बार्ताली आणि ‘८०० ज्यूं’चा आकडा: एक खुलासा

‘१९३८ आणि १९४८चा टूर द फ्रान्स विजेता जिनो बार्ताली याने एकट्याने ८०० ज्यूंना वाचवलं,’ असा मजकूर फिरतो आहे. हा इटालियन सायकलपटू खरा, दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना नाझींपासून वाचवायला त्याने मदत केली हेही खरं. ‘एकट्याने’ मात्र साफ चूक. फ्लोरेन्सचे कार्डिनल (कॅथलिक धर्मगुरू) दाल्ला कोस्ता आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) कास्सुतो यांच्या, ज्यूंना वाचवणाऱ्या गुप्त जाळ्यात तो निरोप्या होता, असं सांगितलं जातं. सरावाच्या नावाखाली असिसी या इटलीतल्या गावाकडे जायचा, बनावट कागदपत्रं सायकलच्या सांगाड्याच्या नळीत. ८०० हा फार तर साऱ्या जाळ्याचा अंदाज. निरोप्याच्या कामाबद्दलही काही इतिहासकारांना शंका आहे. पण फ्लोरेन्समध्ये त्याने एका ज्यू कुटुंबाला आसरा दिला, हे त्या घरातल्या मुलानेच पुढे सांगितलं. बार्ताली स्वतः याविषयी फारसा बोललाच नाही. याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-संहार स्मारक संस्थेने केलेला सन्मान २०१३चा. तो २०००मध्येच वारला होता.