एवढीशी तर पट्टी!

आमची जुनी गाडी शीळ घालते. ताशी ५०ला हलकेच सुरुवात, ६०ला सूर लागतो, आणि ७०ला शेजारी बसलेली बायको काहीतरी बोलतेय एवढं फक्त ओठांवरून कळतं. हा दोष आहे की सोय, यावर घरात दोन मतं होती. पण एका पावसात तिच्या बाजूच्या काचेच्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागली, आणि पुढच्या पावसाला ती मांडीवर प्लास्टिकची पिशवी पसरूनच गाडीत बसली. एक अक्षर बोलली नाही. त्या न बोलण्यापुढे शीळ काहीच नव्हती.

दुखणं उघड होतं. काचेभोवतीचं रबर वाळून कडक झालं होतं. बोट फिरवलं की काळी पूड, जरा वाकवलं की आडव्या भेगा. चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली गंधक घालून रबर तापवायची युक्ती शोधली, म्हणून ते उन्हात चिकटायचं आणि थंडीत तडकायचं थांबलं. पण हवेतल्या ओझोनचा बंदोबस्त त्यानं होत नाही. नैसर्गिक रबराच्या रेणूंत जे दुहेरी बंध असतात ते ओझोन तोडत बसतो, आणि जिथे रबर ताणलेलं असेल तिथे आधी भेगा पडतात. हल्ली पट्ट्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या येतात. त्याच्या मुख्य साखळीत हे बंधच नसल्यामुळे ओझोनला तोडायला काही सापडत नाही. हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पट्टी बदलायची. एवढीशी तर पट्टी!"

पट्टी एवढीशीच. पण तिच्यापर्यंत पोचायला सगळं दार उसवावं लागतं. आधी काच वरखाली करायचं हँडल. त्याच्या मागे घोड्याच्या नालेसारखी एक क्लिप असते, ती बाहेरून दिसत नाही आणि स्क्रू ड्रायव्हरला दाद देत नाही. आमच्या मेकॅनिकनं उपाय सांगितला होता. हँडलच्या मागे फडक्याची लांब चिंधी सरकवायची आणि बूट पुसतात तशी दोन्ही टोकांनी इकडून तिकडे ओढायची. चिंधी क्लिपच्या टोकाला अडकते आणि क्लिप सुटते. सुटते हे मेकॅनिकचं क्रियापद. प्रत्यक्षात ती उडते. माझ्या कानाजवळून गेली एवढं नक्की. मग मी सीटखाली, चटईखाली, गाडीखाली, सगळीकडे रांगून आलो. ती शेवटी माझ्याच शर्टाच्या खिशात निघाली, आणि ते बायकोनं दाखवून दिलं.

दाराचं आतलं पॅड निघालं, की मागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. मला तो कुणीतरी विसरलेला वाटला. मेकॅनिक फोनवर ओरडला, "साहेब, तो फाडू नका!" मग कळलं, की काचेवरचं पाणी दाराच्या पोटात उतरणार हे गाडी बनवणाऱ्यानं धरूनच चाललेलं असतं. पट्टीनं अडवायचं तेवढं अडवायचं, उरलेलं दारात ओघळणार, आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडणार. ते पॅडवर येऊ नये म्हणून हा कागद. आमच्या दाराची भोकं चिखलानं गच्च बसली होती. दार आतून गंजतं ते यामुळेच. मी तार खुपसली, तेव्हा कधीचं साठलेलं तपकिरी पाणी माझ्या बुटांत उतरलं. दाराच्या तळाशी काचेचे बोथट, चौकोनी खडेही मिळाले. दाराची काच टफन केलेली असते, फुटली की तिचे असे खडे होतात. म्हणजे आधीच्या कुठल्यातरी मालकाचीही इथे जिरलेली होती. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

जुनी पट्टी उचकटताना तिच्या बारक्या क्लिपा टण्‌ टण्‌ करत त्याच पोटात पडल्या. दोरीला लोहचुंबक बांधून मी त्या उपसत बसलो. जाणारे येणारे थांबून "काही लागलं का गळाला?" असं विचारून गेले.

नवी पट्टी बसवताना एकच नियम, ओढायची नाही. ओढली की बसते झकास, पण पुढे आकसते आणि कोपऱ्यात फट पडते. साबणाचं पाणी लावून इंचाइंचानं दाबत जायचं. ग्रीस नको, पेट्रोलियमच्या ग्रीसनं हे रबर फुगतं. एवढा वेळ काच कुणीतरी धरून उभं राहायला हवं. कड कुठे आपटली तर पुन्हा खडे. "किती वेळ?" बायकोनं विचारलं. "झालंच," मी म्हणालो. मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनीही तो शब्द पुन्हा उच्चारला नाही.

अखेर पट्टी बसली. पाणी बंद, शीळ बंद. आणि दारही बंद होईना. हात लागलाच म्हणून दाराच्या कडेचं रबरही मी बदललं होतं. नवं रबर फुगीर असतं, दाबून दाबून बसायला त्याला काही आठवडे लागतात. तोवर दार आपटायचं. आता माझी पंचाईत अशी, की आजवर या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी "हळू लावा, जुनी गाडी आहे" असं सुनावत आलोय. एकदा काकांनी दार धाडकन लावलं, तर मी त्यांना अर्धा रस्ता बिजागऱ्यांवर प्रवचन दिलं होतं.

परवा तेच काका पुढे बसले. दोन बोटांनी त्यांनी दार अलगद ओढलं. लागलं नाही.

"जरा जोरात, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दोन बोटं.

"आणखी जोरात. आपटा बिनधास्त!"

काका शांतपणे उतरले, मागचं दार उघडून आत बसले आणि ते त्यांनी करंगळीनं लावून दाखवलं.