‘डीडीची एक ओळ मारा, काम झालं’? नाही, होत नाही

“नवीन एसएसडी घेतली? चालू लिनक्समध्येच डीडीची एक ओळ मारा. जुनी डिस्क जशीच्या तशी नवीनवर येते, पुढे काहीच करावं लागत नाही. आरसिंकच्या नादी लागू नका, ती कॉपी बूटच होत नाही.” हा सल्ला सगळीकडे फिरतोय. (डीडी ही अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवणारी लिनक्सची कमांड, आरसिंक ही फाइली कॉपी करणारी.) नवख्या माणसाचा डेटा त्यात पणाला लागतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

पहिलं म्हणजे, चालू सिस्टिमवर डीडी नको. डीडीला फाइली कळत नाहीत, ते डिस्कचे ब्लॉक एका टोकापासून वाचत सुटतं. तेवढ्या वेळात ब्राउझर, लॉग, डेटाबेस लिहीतच असतात. मग कॉपीत अर्धा भाग आधीचा, अर्धा नंतरचा. मशीन सुरू झालं तरी आतल्या फाइली धड आहेत याची खात्री देता येत नाही. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट करा, दोन्ही डिस्क अनमाउंट आहेत, म्हणजे सिस्टिमला जोडून वापरात नाहीत, हे बघा.

‘पुढे काहीच करावं लागत नाही’ हे तर सगळ्यात घातक. डीडी यूयूआयडीसुद्धा (डिस्कच्या प्रत्येक भागाचा, म्हणजे पार्टिशनचा, ओळख क्रमांक) तोच उचलतं. एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) आणि ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) त्याच यूयूआयडीवरून पार्टिशन शोधतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर कुठली माउंट होईल याचा नेम नाही. तुम्ही खुशाल समजता की नवीन एसएसडीवर काम चाललंय, आणि ‘फाइंडमाउंट’ (काय कुठे माउंट आहे ते दाखवणारी कमांड) चालवून बघावं तर रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम, जुन्याच डिस्कवर! फाइलसिस्टिम बीटीआरएफएस प्रकारची असेल तर डेटाच खराब होण्याची भीती. म्हणून पहिल्या बूटच्या आधी जुनी डिस्क काढा. ती पुढे जोडायचीच असेल तर एका बाजूचे यूयूआयडी बदला. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमला ‘ट्यून२एफएस’ ही कमांड हे करून देते. नवीन डिस्क मोठी असेल तर जीपीटीचा (डिस्कवरच्या पार्टिशनच्या तक्त्याचा) डिस्कच्या शेवटी असायचा तो बॅकअप हेडर मधेच अडकतो, तो हलवून पार्टिशन वाढवावं लागतं. लहान असेल तर डीडी जागा संपल्यावर थांबतं, मग वापरलेली जागा ६० जीबी का असेना.

आता आरसिंक. नुसत्या फाइली नेल्या तर बूट होणार नाही, हे खरं. पण तो दोष आरसिंकचा नाही, राहिलेल्या कामाचा आहे. हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावं), एसीएल (कोणाला काय परवानगी त्याची यादी) आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलला जोडलेली जादा माहिती) जपणारे पर्याय देऊन कॉपी करा. मग ‘बीएलकेआयडी’ या कमांडने नवे यूयूआयडी बघून एफएसटॅबमध्ये भरा. ईएफआय पार्टिशनची (बूटच्या फाइली ठेवणाऱ्या छोट्या पार्टिशनची) ओळ इथेच विसरते. डेव्ह, प्रॉक, सिस हे सिस्टिमचे फोल्डर नव्या डिस्कवर बाइंड-माउंट करून (तिथेही दिसतील असे जोडून) सीएचरूट करा, म्हणजे नव्या सिस्टिमच्या आत शिरा, ग्रब बसवा, त्याची कॉन्फिग नव्याने बनवा. डेबियन-उबुंटूवर स्वॅप पार्टिशन (रॅमला जोड म्हणून वापरायची डिस्कची जागा) बदललं असेल तर इनिटरॅमएफएसमधला (बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या सिस्टिममधला) रिझ्यूमचा, म्हणजे हायबरनेटमधून उठताना वापरायचा, यूयूआयडीही बदला, नाहीतर बूट होताना मशीन जुन्या स्वॅपची वाट बघत उभं राहतं.

धडधाकट डिस्कवरून नवीनवर जायचं तर मी आरसिंकच निवडेन. जुनी डिस्क मरायला टेकली असेल तर दोन्ही नको, खराब डिस्कवरून डेटा वाचवणारं डीडीरेस्क्यू घ्या. ते मॅप फाइलमध्ये नोंद ठेवतं, त्यामुळे मधेच थांबलं तरी तिथूनच पुढे चालू करता येतं.