डेमोक्रॅटिक पक्ष डावीकडे नेला कुणी?

अमेरिकेच्या राजकारणावरचा एक मजकूर मराठी ग्रुपांवर फिरतोय : कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्ष कट्टर डावा केला आणि मवाळ गोरे बिचारे कोपऱ्यात गेले. ठसकेबाज आहे, पण बरोब्बर उलटा.

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत स्वतःला लिबरल, म्हणजे डावीकडे झुकणारे, म्हणवणारे गोरे डेमोक्रॅट २००१–०६ मध्ये ३४ टक्के होते, २०१३–१८ मध्ये ५४. त्याच काळात कृष्णवर्णीय डेमोक्रॅटांत हे प्रमाण २५ वरून ३३ वर गेलं, लॅटिनोंत २९ वरून ३८ वर. पक्ष सरकला हे खरंच. पण धावलं कोण?

‘डाव्या बर्नी सँडर्सना याच मतदारांनी डोक्यावर घेतलं’ हा पुढचा दावा. नेव्हाडासारख्या राज्यांतल्या लॅटिनोंपुरता तो मान्य. बाकी अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीची २०२० ची लढत आठवा : आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या जवळजवळ गोऱ्या राज्यांत बायडन चौथे आणि पाचवे. माध्यमांनी त्यांना मोडीत काढलं होतं. मग साउथ कॅरोलिना आलं. तिथे पक्षांतर्गत निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय. मतदानाच्या तीन दिवस आधी तिथले कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनच्या पाठीवर हात ठेवला आणि २९ फेब्रुवारीला सँडर्स २८-२९ टक्क्यांनी आपटले. उमेदवारीचं पारडं तिथेच फिरलं.

‘पोलिसांचे पैसे तोडा ही काळ्यांची मागणी.’ घोषणा देणाऱ्यांत कृष्णवर्णीय कार्यकर्ते होतेच. पण पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा जीव गेल्याचं प्रकरण पेटलेलं असताना, २०२० च्या उन्हाळ्यात, गॅलपने विचारलं तेव्हा ८१ टक्के कृष्णवर्णीयांना आपल्या भागात पोलीस आहेत तितके किंवा जास्तच हवे होते. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी ब्राँक्स आणि आग्नेय क्वीन्स या कृष्णवर्णीय-लॅटिनो वस्तीच्या भागांनी माजी पोलीस कॅप्टन एरिक ॲडम्सना उचलून धरलं. मॅनहॅटनच्या सुखवस्तू गोऱ्या वस्त्यांना त्यांच्या प्रतिस्पर्धी कॅथरीन गार्सिया जास्त भावल्या.

राहिलं ‘कृष्णवर्णीयांचं एकगठ्ठा मत म्हणजे एकच विचार’. १९५६ मध्ये रिपब्लिकन आयझेनहॉवरना कृष्णवर्णीयांची साधारण ३९ टक्के मतं होती. १९६४ मध्ये त्याच पक्षाने नागरी हक्क कायद्याला विरोध करणारे गोल्डवॉटर उभे केले आणि ती मतं डेमोक्रॅटांकडे गेली ती गेलीच. चर्चला जाणारे सनातनी आणि सरकारी आरोग्यविम्यासाठी भांडणारे तेव्हापासून एकाच तंबूत आहेत. कित्येकदा तो एकच माणूस असतो.

आणि पक्षाच्या आत गठ्ठा कुठला? बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या, मोठी कृष्णवर्णीय वस्ती असलेल्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक उमेदवारी जिंकले, अवघ्या २८ टक्के मतांवर. बाकीची मतं इतर आठ उमेदवारांत फुटली होती. जवळपास सात दशकांत पहिल्यांदा डेट्रॉइटला कृष्णवर्णीय खासदार उरला नाही.