कॉपी फक्त ‘ढ’ मुलंच करतात, हा मेसेज चुकीचा आहे

‘मोबाइल आल्यापासून कॉलेजात कॉपी सुरू झाली, आणि करतात ती फक्त ढ, आळशी मुलं’ असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो न तपासता पुढे पाठवला. चूक झाली, म्हणून हा खुलासा.

विल्यम बॉवर्स यांनी अमेरिकेतल्या ९९ कॉलेजांमधल्या पाच हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. तिचा अहवाल १९६४ सालचा, म्हणजे मोबाइलच्या कितीतरी आधीचा. त्यात साधारण चारांपैकी तिघांनी अभ्यासात एकदा तरी गैरप्रकार केल्याचं कबूल केलं. १९९३ मध्ये डोनल्ड मॅक्केब आणि लिंडा ट्रेविनो यांनी ३१ कॉलेजांचा अभ्यास मांडला. तिथे सर्वांत जास्त प्रभाव दिसला तो आजूबाजूची मुलं काय करतात याचा. ‘सगळेच करतात, मग मीच का मागे राहू?’ कमी मार्कांच्या मुलांत प्रमाण जास्त आढळतं, हे खरं. पण ‘फक्त तीच’ हे खरं नाही.

सुपरव्हिजन करताना मी एका हुशार मुलीच्या मुठीतून घामाने ओली झालेली चिठ्ठी काढून घेतली होती. नंतर विचारलं, तर चिठ्ठीतलं जवळजवळ सगळं तिला तोंडपाठ होतं. ‘ऐन वेळी आठवलं नाही तर घरी काय सांगू?’ एवढंच ती म्हणाली. तिच्यावर कारवाई झाली, व्हायलाच हवी होती. पण तिला आळशी कसं म्हणू?

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.