‘पानी’ म्हणणारा माणूस अशुद्ध बोलत नाही

पाण्याच्या शब्दांविषयीचा एक मजकूर फोनवरून सारखा फिरत असतो. पाठवणाऱ्यागणिक शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. जगातल्या सगळ्या भाषांमधले पाण्याचे शब्द संस्कृत ‘उदक’पासून निघाले. संस्कृतात पाण्याला शंभर शब्द आहेत आणि इंग्रजीत एकच, त्यावरून कोणती भाषा श्रीमंत ते ओळखा. आब, हौद, नहर हे परक्यांचे शब्द आहेत, ते टाकून द्या. आणि शेवटचा मुद्दा आम्हा मराठवाड्यातल्या माणसांच्या जिव्हारी लागणारा: निजामाच्या राज्यात उर्दू-हिंदीच्या संगतीनं तिकडची मराठी बिघडली, म्हणून ते लोक ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात.

पाठवणारे बहुतेक जण भाषेच्या प्रेमापोटी पाठवतात. म्हणूनच त्यातला एकेक मुद्दा तपासून उत्तर द्यावंसं वाटतं.

‘उदक’ आणि ‘वॉटर’ यांचं नातं आहे, यात शंका नाही. रशियन ‘वोदा’, ग्रीक ‘हुदोर’, आयरिश ‘इश्के’ ही सगळी त्याच कुळातली. ‘वोदा’चं लाडकं रूप म्हणजे व्होडका, आणि आयरिशमध्ये ‘जीवनाचं पाणी’ या अर्थाचा जो शब्द होता त्यातून व्हिस्की आली. पण नातं असलं म्हणजे एकीच्या पोटी दुसरी जन्मली असं ठरत नाही. या भाषा बहिणी आहेत, आणि त्यांची आई कुणी लिहून ठेवलेली नाही. याचा पुरावा संस्कृतच्या व्याकरणातच मिळतो. ‘वच्’ धातूचं ‘उक्त’ होतं, ‘वद्’चं ‘उदित’ होतं. ‘व’ आकसून ‘उ’ होतो, आणि पाणिनीच्या व्याकरणात याला संप्रसारण म्हणतात. ‘उदक’मधला ‘उ’ तसाच आकसलेला आहे. इंग्रजीत मूळचा ‘व’ शाबूत राहिला. आकसलेल्या रूपातून भरलेलं रूप कसं निघावं? राहिला ‘द’ आणि ‘ट’चा फरक, तर तोही नेमानंच पडतो: दश–टेन, द्वि–टू, दन्त–टूथ. एकीतून दुसरी निघाली नाही, दोघी एकाच घरातून आपापल्या वाटेनं गेल्या, हे या नेमावरूनच कळतं.

यातली सगळ्यात सुंदर साक्ष तुर्कस्तानातल्या मातीच्या पाट्यांवर सापडली. तीन हजारांहून अधिक वर्षं जुन्या त्या पाट्यांवरची हित्ती भाषा कुणाला लागत नव्हती. १९१५ साली बेडरिख ह्रोझ्नी या चेक अभ्यासकानं ती उलगडली ती एका वाक्याच्या आधारानं. भाकरीसाठीची खूण आधीपासून ओळखीची होती, पुढं खाण्याच्या क्रियापदात संस्कृत ‘अद्’चा भाऊबंद दिसत होता, आणि त्याच्यापुढं होतं ‘वातर’. तुम्ही भाकरी खाल, पाणी प्याल, एवढंच ते वाक्य. एक मेलेली भाषा पाण्याच्या शब्दानं पुन्हा बोलती झाली. ‘उदक’चं मोठेपण सांगायचं तर ही गोष्ट सांगावी. त्यासाठी खोटी वंशावळ रचायची गरज नाही.

आणि ‘सगळ्या भाषा’ हा दावा तर घराच्या उंबऱ्यावरच अडखळतो. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजारात तेलुगू कानावर पडते, तिथं पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणतात. उमरगा, निलंगा, उदगीरच्या पलीकडं कन्नड ‘नीरु’. किनवटकडच्या गोंडीत ‘येर’. यांतला एकही शब्द ‘उदक’चा नाही. अरबी ‘माअ’, तुर्की ‘सू’, जपानी ‘मिझू’ यांचा तर प्रश्नच नको.

आता शंभर शब्द. हा आकडा हवेतून आलेला नाही. वैदिक शब्दांच्या ‘निघंटू’ या जुन्या यादीत उदकाची १०१ नावं दिली आहेत. पण ती यादी उघडून पाहिली की तिच्यात घृत, मधु, विष, अन्न, सुख, सत्य हेही शब्द दिसतात. सूक्तात त्या त्या जागी अर्थ पाणी असा लावायचा, म्हणून त्यांची ही नोंद. सत्य म्हणजे पाणी असं घरात कुणी बोलत नव्हतं. अमरकोशात हीच नावं २७ भरतात आणि त्यांतही अमृत, क्षीर, कमल आहेत. कवीला छंदात बसवायला लघु-गुरू अक्षरांचे वेगवेगळे शब्द लागतात, कोशकारानं ते पुरवले. ही मोठी सोय आहे आणि मोठी परंपराही. पण तिच्यावरून भाषांना गुण देता येत नाहीत.

खरी श्रीमंती शब्दांनी कामं वाटून घेतलेली असतात त्यात दिसते. जपानीत गार पाण्याला ‘मिझू’ आणि गरम पाण्याला वेगळाच शब्द, ‘यू’. आपल्याकडं उदक धार्मिक विधीत, तीर्थ देवळात, नीर कवितेत, जल सरकारी योजनेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा त्या गाडीचं नाव ‘जलदूत’ होतं. घागर घेऊन रांगेत उभं राहिलेलं माणूस मात्र ‘पाणी आलं का’ असंच विचारणार.

आणि हा एकटा ‘पाणी’ शब्द आमच्याकडं किती ओझं वाहतो ते पाहा. ‘यंदा पाणी बरं झालं’ म्हणजे पाऊस. ‘कापसाला दुसरं पाणी दिलं’ म्हणजे सिंचनाची दुसरी पाळी, इथं पाणी चक्क मोजता येतं. विळ्याला पाणी देतात ते धारेसाठी, मोत्याचं पाणी म्हणजे तेज, बैलाचं पाणी जोखतात ते दम पाहायला. एखाद्याला पाण्यात पाहतात, कुणाला पाणी पाजतात, हक्कावर पाणी सोडतात. बोलता बोलता हा शब्द झिजतोही: ‘प’चा ‘व’ होतो आणि पाणी ‘वणी’ होऊन दुसऱ्या शब्दाला चिकटतं. गुळाचं पाणी ते गुळवणी. पुरणाची डाळ शिजवून काढलेलं पाणी ते येळवणी, त्याचीच कटाची आमटी होते. कांदा किंवा ऊस लावल्यावर तीन-चार दिवसांत जे पाणी देतात ते आंबवणी. हे शब्द कुठल्याही कोशकारानं छंदासाठी गोळा केलेले नाहीत. ते चुलीपाशी आणि वाफ्यात तयार झाले, आणि दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलखात आजही रोज तोंडात आहेत.

तिसरा मुद्दा परक्या शब्दांचा. इथं त्या मजकुराचा पायाच सरकतो. फारसी ‘आब’ आणि वेदातलं ‘आपः’ हे एकाच मुळाचे शब्द. पंजाब म्हणजे पाच नद्यांचं पाणी, तिथं ‘पंज’ आणि ‘पंच’ जसे सख्खे तसेच ‘आब’ आणि ‘अप्’. उलट ज्या ‘नीर’ला सगळे शुद्ध संस्कृत मानतात, तो बहुतेक द्रविड भाषांतून संस्कृतात आला असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, तमिळ, कन्नड, तेलुगू तिन्हींमध्ये तो घरचा शब्द आहे. म्हणजे आप्तेष्टाला हाकलायचं आणि पाहुण्याला कुलपुरुष म्हणायचं असा हा हिशेब होतो. माझं म्हणणं दोघांनाही राहू द्यावं असं आहे.

शिवाय काढायचं म्हटलं तर काय काय काढणार? अब्रू म्हणजे मुळात चेहऱ्याचं पाणी. आपण ‘पाणीदार’ म्हणतो, ‘पाणउतारा’ म्हणतो, तीच कल्पना. गुलाब म्हणजे फुलाचं पाणी, आणि तोच शब्द अरबीतून फिरून आला तो जुलाब. अबकारी कर दारूच्या भट्टीवरचा, त्यातही आब आहे. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सतराव्या शतकात मलिक अंबरनं जमिनीखालून पाणी खेळवलं, त्याला लोक नहर म्हणाले. नहर अरबी, हौदही अरबी, आणि पाणचक्कीचे दोन्ही तुकडे आपले. पैठणच्या जायकवाडी धरणाचा कालवा घ्या: तेलुगूत ‘कालुव’, कन्नडात ‘कालुवे’. विहिरीवरचा रहाट मात्र संस्कृत ‘अरघट्ट’ झिजून झालेला. एकाच शेतकऱ्याच्या एका वाक्यात हे सगळे शब्द येतात आणि पीक भिजतं. मराठवाड्याची मराठी अशी घडली आहे. तिच्यातून कुठलाही एक झरा बुजवला तर तोटा आपलाच.

उरला ‘पानी’चा आरोप. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण त्याचा मार मुलांना बसतो. गावाकडची पोरगी शहरातल्या शाळेत ‘पानी’ म्हणाली की हसू होतं, आणि मग ती वर्गात तोंडच उघडत नाही.

‘पाणी’ शब्द आला संस्कृत ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगं यावरून. त्यात ‘न’ आहे, ‘ण’ नाही. ‘न’चा ‘ण’ केला प्राकृतानं: पानीयचं पाणिअ झालं आणि त्याचं पाणी. ती महाराष्ट्री प्राकृत सातवाहनांच्या काळात बहरली, आणि त्यांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. तेव्हा संस्कृतपासून जितकं दूर तितकं अशुद्ध, अशी मजकुराचीच कसोटी लावली तर प्रमाण मराठीतलं ‘पाणी’ अशुद्ध ठरतं. ती कसोटीच चुकीची आहे. त्याच पैठणच्या एकनाथांनी विचारलं होतं की संस्कृत देवानं केली, तर प्राकृत काय चोरापासून झाली?

बोलीतला ‘न’ थेट संस्कृतातून टिकून राहिला असंही मी म्हणणार नाही. प्राकृतातल्या ‘ण’चा बोलीत पुन्हा ‘न’ झाला, हा नंतरचा बदल आहे. पण तो हिंदीमुळं झाला का, हे तपासायला सोपी परीक्षा आहे. हिंदीच्या नादानं बिघडलं असतं तर हिंदीतही असलेले शब्दच तेवढे बदलले असते. आमच्याकडं लोणीचं ‘लोनी’ होतं, आणि हिंदी बोलणारा तर मक्खन म्हणतो. कोणचं ‘कोन’ होतं, येणं-जाणंचं ‘येनं-जानं’ होतं. एक ध्वनी जिथं भेटेल तिथं सरसकट बदलतो तेव्हा तो बोलीचा नियम असतो. निजामाचं राज्य कधी नव्हतं अशा कितीतरी भागांतल्या ग्रामीण मराठीतही हाच ‘न’ ऐकू येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्यावर निजामाची सत्ता होती, उर्दू राजभाषा होती, तिचे पुष्कळ शब्द आमच्या बोलण्यात उतरले हे खरंच आहे. या ‘न’चं खापर मात्र तिच्यावर फोडता येत नाही.

शाळेत लिहिताना ‘पाणी’ लिहायला शिकवावं, कारण लेखनाचा प्रमाण संकेत तोच आहे आणि पेपर तपासणाराही तेच पाहतो. पण पोरगी फळ्यापाशी उभी राहून आपल्या गावच्या बारवेबद्दल बोलत असेल आणि ‘पानी’ म्हणत असेल, तर तिला मध्येच थांबवू नये. तिचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं आणि बारव किती पायऱ्यांची आहे ते विचारावं.